पेटाऱ्याचा डावा कोपरा

जुनी वस्तू दुरुस्तीला आली की मी आधी तिच्यावरच्या जुन्या दुरुस्त्या शोधतो. एखादा जास्तीचा खिळा, शेजारणीशी रंगाने न जुळणारी एखादी फळी, कुठे लांबी भरून वरून मारलेला पॉलिशचा हात. वस्तू घडवणाऱ्याने काय केलं ते लाकूड सांगतंच. मधल्या माणसांनी तिचं काय केलं हे कळेपर्यंत मात्र मी पटाशी हातात घेत नाही. गोदाकाठच्या एका क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यातून आलेल्या पेटाऱ्यामुळे ही सवय माझ्या अंगात कायमची मुरली.

पेटारा सागवानी. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पुढे भला थोरला कोयंडा, आणि झाकणाचा पुढचा अर्धा भागच तेवढा उघडणारा. आत तीन कप्पे. त्यांत घराण्याच्या वह्या असायच्या. नाशिकला किंवा त्र्यंबकला तीर्थविधीसाठी आलेल्या यजमानाची नोंद त्याच्या उपाध्यायांच्या वहीत होते: गाव, कुळ, आडनाव, कोण कोणाचा मुलगा, बरोबर कोण होतं, विधी कोणाचा केला. पुढे त्या घरातलं कोणी आलं की गुरुजी गावाचं नाव विचारतात, नेमकी वही काढतात, पणजोबांची नोंद दाखवतात आणि तिच्या पुढे नवी नोंद घालतात. परगावाहून आलेली माणसं तिथे रडताना मी पाहिली आहेत. वह्या लांबट, जाड कागदाच्या, कापडात गुंडाळलेल्या. पेटाऱ्याचे कप्पे त्यांच्याच मापाने पाडलेले. हे माप पुढे फार कामाला आलं.

2 ऑगस्ट 2016 ला गोदावरीला पूर आला. ती तारीख महाराष्ट्राच्या लक्षात राहिली ती महाडच्या सावित्रीवरच्या पुलामुळे. त्याच रात्री तो वाहून गेला. नाशिककरांना मात्र त्या दिवसाचं म्हटलं की नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीच आठवतो. आमच्याकडे पुराचं माप फुटांत सांगत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, असंच सांगतात. त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला. सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात गेले. गुरुजींच्या घरी सगळ्यांनी मिळून वह्या माडीवर नेल्या, एकही भिजू दिली नाही. रिकामा पेटारा दोघांतिघांना उचलेना, म्हणून तो ओसरीवरच राहिला.

साग पाण्यापेक्षा हलका. पाणी चढलं तसा पेटारा जागचा उठला आणि ओसरीभर फिरला. पाणी उतरलं तेव्हा त्याची एक बाजू खांबाच्या तळखड्यावर अडकली आणि सगळा भार डाव्या कोपऱ्यावर आला. कोपरा उकलला, तळ फुटला. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी कुणीही करेल तेच केलं, पेटारा मागच्या अंगणात उन्हात ठेवला. ऑगस्टमधलं ऊन असून नसून सारखं, पण पडतं तेव्हा कडक पडतं. पाणी प्यालेल्या लाकडाला ते सोसत नाही. वरचा थर आधी सुकतो आणि आकसतो, आतला गाभा अजून फुगलेला असतो, आणि त्या ओढाताणीत फळी वाकते नाहीतर चिरते. भिजलेलं लाकूड सावलीत, खाली पट्ट्या देऊन, चारी बाजूंनी वारा लागेल असं ठेवायचं आणि वाट पाहायची. पुरात फर्निचर बुडालेल्या घरांना मी एवढं एकच सांगत असतो.

पुढे काही वर्षं तो माजघरात जुन्या गाद्यांखाली पडून होता. 2027 च्या सिंहस्थाआधी वह्या पुन्हा त्यातच जायला हव्यात असं गुरुजींनी मनावर घेतलं आणि पेटारा टेम्पोतून आमच्याकडे आला.

आमचा कारखाना पेठ रोडला. पेठ, सुरगाणा आणि पलीकडच्या डांगातलं सागवान एके काळी ह्याच बाजूने नाशकात यायचं. डांगातल्या सागाची ख्याती इतकी की 1842 च्या सुमारास इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगलच भाडेपट्ट्याने घेतलं. गुरुजींच्या मुलाला शंका होती की इतका वेळ पाण्यात राहिलेलं लाकूड आतून कुजलं असेल. त्याला मी ट्रिंकोमालीची गोष्ट सांगितली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाचं बांधलेलं हे लढाऊ जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते पाण्यावरच उभं आहे. सागाच्या अंगात तेल असतं. गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा तोंड लावत नाही, बुरशीही लवकर धरत नाही. पेटाऱ्याची फळी न् फळी मी टोच्याने तपासली. पाठीमागच्या एका फळीच्या कडेला, सालीलगतचं पांढरट लाकूड राहून गेलं होतं तेवढ्यात, भिरूड लागलेलं निघालं. बाकी लाकूड खणखणीत. पेटारा पाण्याने मोडला नव्हता. तो पडल्याने, उन्हाने आणि मधल्या दुरुस्त्यांनी मोडला होता.

त्या दुरुस्त्या एकीखाली एक निघत गेल्या.

सगळ्यांत वर अलीकडची. तळाला आतून प्लायवूडचा तुकडा ठोकलेला, पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला, कडेने लांबी भरलेली. पुरात प्लायवूडचे पदर सुटून त्याचा लगदा झाला होता. तो निघाला, पण गोंद फळ्यांच्या रेषांत शिरून बसला होता. हा गोंद एकदा वाळला की त्यावर नवा गोंद धरत नाही. तो खरवडून काढावा लागतो, आणि खरवडताना त्याच्याबरोबर लाकूडही जातं. ज्याने लावला त्याने घाईत असलेल्या गिऱ्हाइकाचं काम भागवलं असेल, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच्या त्या अर्ध्या दिवसाच्या कामामुळे दोन चांगल्या फळ्यांची धार आम्हाला बळी द्यावी लागली.

त्याखालची दुरुस्ती 1969 च्या महापुरानंतरची. गुरुजींना ती आठवते. त्यांच्या वडिलांनी सुतार घरीच बोलावला होता आणि तो दिवसभर ओसरीवर बसून ठोकत होता. त्याने डावा कोपरा लोखंडी खिळ्यांनी आवळला. लोखंड गंजलं, गंज फुगला आणि प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं. असा खिळा पक्कडीने ओढला तर सोबत लाकडाचा ढलपा घेऊन येतो. म्हणून पोकळ नळीसारख्या गिरमिटाने खिळ्याभोवती गोल कापून तो मुळासकट काढायचा, आणि भोकात त्याच रेषेच्या लाकडाची मेख बसवायची. फार सावकाश होणारं काम, पण मला ते आवडतं.

आणि सगळ्यांत खाली मूळ कारागिराचं काम. कोपरे डव्हटेलचे, दात्यांत दाते गुंतवलेले, सरसाने जोडलेले. दात्यांच्या बुंध्याशी त्याची आखणीची रेघ अजून होती, केसाएवढी बारीक. फळ्यांच्या आतल्या अंगाला करवतीच्या सरळ, कमीजास्त अंतराच्या खुणा. म्हणजे लाकूड हाताने चिरलेलं. घरात पेटारा पेशवाईतला समजला जायचा. नाशकात हे स्वाभाविकच आहे, गावात सरकारवाडा आणि वरच्या अंगाला आनंदवल्ली, अशा पेशव्यांच्या खुणा असताना जुन्या वस्तूचं नातं तिकडे न जुळतं तरच नवल. पण बिजागऱ्यांचे स्क्रू काढले तर ते टोकदार निघाले, यंत्रावर केलेले. असे टोकदार स्क्रू 1840 च्या दशकात आले, त्याआधीच्या स्क्रूचं टोक बोथट असायचं. बिजागऱ्या नंतर बदलल्या असतील का, हेही पाहिलं. तसं असतं तर खाली जुनी भोकं दिसली असती. एकही नव्हतं. म्हणजे पेटारा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे जात नाही.

हे गुरुजींना सांगताना मी जरा अवघडलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. वह्या त्याच्या आधीच्या आहेत. पेटाऱ्याने कशाला उगीच मोठेपणा घ्यायचा?"

सरस हे या कामातलं सगळ्यांत नाजूक प्रकरण ठरलं. डाव्या कोपऱ्याचा सांधा अर्धवट उकललेला, अर्धवट घट्ट. तो पुरता उघडल्याशिवाय आतला गाळ निघणार नव्हता. सुईने सांध्यात ऊन पाणी सोडलं, वर ओलं फडकं ठेवून कोमट इस्त्री टेकवली, आणि थांबलो. थोड्या वेळाने तो ओळखीचा उग्र वास आला. दीडशे वर्षं होत आलेला सरस पुन्हा मऊ झाला होता. लाकडी हातोडीने आतून हलकेच ठोकलं तसा एकेक दाता मोकळा होत गेला, एकही न तुटता. दात्यांच्या फटीत गोदावरीचा गाळ कागदासारखा पातळ थर धरून बसला होता, करडा आणि इतका बारीक की बोटाला पावडरीसारखा लागला. जुन्या टूथब्रशने तो धुऊन काढला. सांधा आतून कालच कापल्यासारखा पिवळसर होता.

त्या कारागिराने सांधा असा केला होता की पुढे कोणाला तो उघडावासा वाटला तर उघडता यावा. कदाचित त्याने इतका विचार केलाही नसेल, त्याच्याजवळ सरसच होता म्हणून त्याने सरस वापरला असेल. पण फायदा मला झाला. खिळेवाल्याने आणि गोंदवाल्याने आपापल्या परीने ही वाट बंद केली होती. मी कोणत्या बाजूला जायचं हे त्या दुपारी ठरलं.

कारखान्यातल्या तरुण पोरांचं म्हणणं इपॉक्सी ओता असं होतं. एकदा धरलं की पुन्हा बघायला नको, पूर आला तरी हरकत नाही. खिडक्यांच्या बाहेरच्या चौकटींना, फाटकांना मीही ते वापरतो आणि ते उत्तम टिकतं. पण पेटाऱ्याचा कोपरा उद्या पुन्हा कुठे आपटला तर सरसाचा सांधा सुटतो आणि दाते शाबूत राहतात. इपॉक्सीचा सांधा सुटत नाही, त्याच्या शेजारचं लाकूड तुटतं. मग त्या वेळच्या सुताराला जोडायला काही उरतच नाही. पोरांना पटवायला एका टाकाऊ तुकड्यावर दोन्ही करून हातोड्याने तोडून दाखवलं. सरसाचा डव्हटेल दाते दाखवत मोकळा झाला, दुसऱ्याचे दाते मुळाशीच मोडले. पुढे कोणी इपॉक्सीचं नाव काढलं नाही.

अडचण वेगळीच होती. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. हे न सांगता वह्यांच्या पेटाऱ्याला लावणं मला बरोबर वाटेना. आमचे तात्या मिस्त्री म्हणाले, कशाला विचारता, त्यांना काय कळणार आहे? मी तरी वाड्यावर गेलो आणि सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "आधीपासून तोच आहे का आत?"

"हो, पहिल्यापासून."

"देवळात मृदंग वाजतो, त्याला कातडंच असतं," ते म्हणाले. "लावा तुम्ही."

सरसाचे खडे रात्री गार पाण्यात भिजत घातले. सकाळी ते फुगून जेलीसारखे झाले, मग भांड्यात भांडं ठेवून तापवले. साठ अंशांच्या आसपास ठेवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. उकळला की त्याची पकड गेली. आणि लावल्यावर वेळ फार कमी मिळतो. हवा गार असली तर मिनिटभरात थिजायला लागतो. म्हणून आधी कोरडीच जुळणी करून पाहिली, शिकंजे कुठे लागणार ते खडूने लिहिलं, फळ्या उन्हाने कोमट करून घेतल्या. प्रत्यक्ष जोडताना तात्या आणि मी एक अक्षर बोललो नाही. शिकंजा आवळला तसा सगळ्या फटींतून सरसाचे थेंब सारखे बाहेर आले. सारखे आले म्हणजे सांधा सगळीकडे बसला.

तळाच्या वाकलेल्या फळ्यांपैकी काही परत आल्या. खोलगट बाजूला ओलं फडकं, वर वजन, खाली पट्ट्या, आणि सावली. लाकूड ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने सावकाश परत येतं, ढकलून मात्र येत नाही. दोन फळ्या आरपार चिरल्या होत्या, त्या बदलाव्याच लागल्या. त्यांच्यासाठी नवं सागवान मी घेतलं नाही. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा कोसळतो किंवा पाडला जातो, आणि त्याच्या तुळया, दारं विकायला येतात. तसल्या एका तुळईचा तुकडा माझ्याकडे होता. त्यावर आधी चुंबक फिरवला, कारण जुन्या तुळईत पुरलेला खिळा रंध्याचं पातं एका हातात संपवतो. साग तसाही हत्याराची धार खातोच, त्याच्या अंगात वाळूसारखी खर असते. शंभरएक पावसाळे पाहिलेलं हे लाकूड आता फारसं चळणार नव्हतं.

फारसं नाही म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. नऊ इंची फळी दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. प्लायवूड ठोकणाऱ्याने सगळ्या फळ्या एकमेकींना चिकटवून, दोन्ही कडांना खिळून टाकल्या होत्या. त्यांना हलायला जागाच नव्हती, म्हणून त्या चिरल्या. मी प्रत्येक फळीच्या कडेला अर्ध्या जाडीची खाच घेतली, एकीवर दुसरी चढेल अशी, आणि प्रत्येकीला रुंदीच्या मधोमधच पितळी स्क्रू दिले. कडा मोकळ्या. फळ्यांमध्ये मुद्दाम बारीकशी फट ठेवली. तळाची जाडी एक सूतभरही वाढवली नाही, कारण तेवढ्याने वरचा कप्पा वर सरकतो आणि सगळ्यांत जाड वही झाकणाला घासते. गुरुजींनी त्या वहीचं माप दोऱ्याला गाठ मारून पाठवलं होतं. तो दोरा काम संपेपर्यंत भिंतीवर टांगलेला होता.

पितळेच्या कामासाठी तांबट लेनला गेलो. कोपऱ्याची पट्टी पडताना मुडपली होती. थंड पितळ तसंच सरळ केलं तर चिरतं. तांबट काकांनी ती भट्टीत लाल केली, पाण्यात बुडवली, मऊ झाल्यावर लाकडी ठोकळ्यावर हातोडीच्या बोथट तोंडाने बसवली. जुने ठोके दिसत होते त्यांच्याच चालीने त्यांनी नवे ठोके दिले. चकाकी आणू का विचारलं, मी नको म्हटलं. तेही म्हणाले, नकोच.

पॉलिशवाल्याची आणि माझी वादावादी झाली. त्याला सगळा पेटारा घासून, पांढरा करून, नव्याने चमकवायचा होता. गिऱ्हाइकाला तेच आवडतं, हा त्याचा अनुभव खोटा नाही. पण वरचं पॉलिश लाखेचं होतं. झाकणाच्या आत, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब टाकला तर ते लगेच चिकट झालं. पुराच्या पाण्याने त्यावर पांढरी झाक आली होती, एवढंच. लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. कापसाच्या बोळ्याला किंचित स्पिरिट, किंचित लाख, आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवत गेलं की जुना थर जागच्या जागी विरघळून पुन्हा बसतो. पांढरी झाक गेली आणि खालून जुना तांबूस रंग वर आला. पहिला हात पूर्ण झाला तेव्हा पॉलिशवालाच बाजूला उभा राहून पाहत होता. पुढचे हात त्याने माझ्या हातून काढून घेतले.

कोयंड्याखाली हळदीकुंकवाचा जाड थर होता. लक्ष्मीपूजनाला दर वर्षी पेटाऱ्याची पूजा होते. गुरुजींच्या घरच्या काकूंनी फोन करून बजावलं, "ते तेवढं पुसू नका हं, सासूबाईंच्या हातचं आहे." तेलामुळे त्याच्या खाली पितळ हिरवं पडलं होतं आणि लाकडात ओल धरत होती. काकूंना कारखान्यात बोलावून दाखवलं. धातूवरचं काढायचं, लाकडावरचं ठेवायचं, असं आमचं ठरलं.

पेटारा परत गेला तो दगडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. तळाच्या खालच्या अंगाला, उलटा केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी मी पेन्सिलने लिहून ठेवलं: कोणत्या दोन फळ्या नव्या, सांध्यात सरस, वर लाख, डाव्या कोपऱ्यात खिळ्यांच्या जागी मेखा. गोंद लावू नये, सांधा उघडायला गरम पाणी द्यावं. ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ज्याचं नाव मला कधी कळणार नाही असा एक सुतार होता.

पुढच्या उन्हाळ्यात, वैशाखात, गुरुजींचा फोन आला. तळाला फट पडली आहे, आत बॅटरी धरली तर खालची फरशी दिसते, माणूस पाठवून बुजवून घेता का? मी स्वतः गेलो. वह्या काढल्या, फळ्यांवर हात फिरवला. एकही चिर नव्हती, डावा कोपरा नखाएवढाही उकलला नव्हता. फट नेमकी ठेवली होती तिथेच होती, उन्हाळ्याने थोडी रुंदावलेली. गुरुजींना म्हटलं, आषाढापर्यंत थांबा, आपोआप मिटेल. श्रावणात त्यांनी कळवलं की मिटली, आणि झाकण जरा घट्ट बसतंय. त्यालाही हात लावू नका म्हटलं, मार्गशीर्षात सैल होईल.